वसाहतीची गाणी आणि लोकपरंपरेचे वय

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नुकताच ऑस्ट्रेलियातील काव्याविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला, आणि लेखकाने घेतलेल्या कष्टांबद्दल मला आदरही आहे. परंतु लेखातील दोन विधाने मला मान्य होण्यासारखी नाहीत. पहिले असे, की जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे वर्षांच्या समाजाजवळ लोककाव्य असूच शकत नाही, कारण लोकपरंपरा मुरायला शतके लागतात. दुसरे असे, की तेथे जे काही गायिले गेले ते ब्रिटन आणि आयर्लंडहून आणलेल्या चालींवर शब्द बदलून केलेले, आणि पुढे वृत्तपत्रांनी छापून लोकप्रिय केलेले पद्य आहे, म्हणून त्यास 'लोकांचे' म्हणता येत नाही. मी सातारा जिल्ह्यात तीस वर्षे मराठी शिकवले. गेली काही वर्षे कन्येच्या संसारानिमित्त माझे वर्षातील काही महिने व्हिक्टोरिया प्रांतातील बॅलराट या जुन्या सोन्याच्या गावी जातात. तेथे ही गाणी मी पुस्तकांत वाचली तशीच माणसांच्या तोंडूनही ऐकली आहेत, आणि त्या ऐकण्याच्या आधारावरच हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे लेखकाच्या म्हणण्याच्या अगदी उलट आहे. समाज तरुण आहे म्हणूनच त्याचे लोककाव्य अभ्यासकाला मोलाचे आहे. आपल्या ओवीचा उगम कोणत्या घरात, कोणत्या जात्यावर झाला हे आज कोणालाही सांगता येणार नाही. ऑस्ट्रेलियातील गाण्यांच्या बाबतीत मात्र चाल कोठून आली, शब्द कोणत्या घटनेने सुचले, ते प्रथम कोणत्या कागदावर उमटले आणि नंतर माणसांनी ते कसकसे वळवले, हे पुष्कळदा साल आणि गाव यांसह दाखवता येते. लोकगीत घडते कसे हे एरवी आपण अनुमानाने सांगतो. येथे ते डोळ्यांनी पाहता येते.

आरंभ कैद्यांपासून करावा लागतो. १७८८ च्या जानेवारीत ११ जहाजांचा पहिला ताफा सिडनीच्या किनाऱ्याला लागला, आणि १८६८ साली हद्दपारीची शिक्षा पूर्णपणे बंद होईपर्यंत सुमारे १ लाख ६० हजार स्त्री-पुरुष कैदी म्हणून त्या भूमीवर उतरवले गेले. लंडन-डब्लिनच्या रस्त्यांवर एका पानावर छापलेली गाणी पैशा-दोन पैशांना विकली जात आणि त्यांत हद्दपार झालेल्यांच्या कहाण्याही असत. अशी गाणी या माणसांबरोबर तिकडे गेली हे खरे. पण तेथे पोहोचल्यावर त्यांचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

फ्रान्सिस मॅकनमारा या आयरिश माणसाचे उदाहरण घ्यावे. दुकानाची काच फोडून कापड चोरल्याबद्दल १८३२ साली त्याला सात वर्षांची हद्दपारी झाली. वसाहतीत आल्यावर पहिल्या आठ वर्षांत त्याने चौदा वेळा मिळून ६५० फटके खाल्ले, साडेतीन वर्षे बेड्या घालून कामाच्या टोळीत काढली, आणि तरीही तो 'फ्रँक कवी' या नावाने इतर कैद्यांत ओळखला जात राहिला, कारण तो पद्य रचून म्हणून दाखवीत असे. १८३९ मधील त्याच्या एका दीर्घ रचनेत एक कैदी स्वप्नात नरकाची सफर करतो. त्याला वाटते की आपली जागा येथेच असणार, परंतु आत पाहतो तो वसाहतीचे अधिकारी, न्यायाधीश आणि फटके मारणारे तेथे भाजत पडलेले दिसतात, आणि सैतान त्याला सांगतो की ही जागा बड्यांसाठी आहे, गरीब कैद्याचे येथे काम नाही. मग तो स्वर्गाच्या दारी जातो, तेथे त्याचे स्वागत होते, आणि नेमकी त्याच क्षणी त्याला जाग येते. ज्याच्या पाठीवर वळ होते त्याने हे रचले, ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांनी ते ऐकले आणि पाठ केले. यापेक्षा अधिक 'लोकांचे' काव्य कोणते असते, हे मला कळत नाही.

याच काळातील आणखी एक गीत मोरेटन बे या कैदी वसाहतीविषयी आहे. आजचे ब्रिस्बेन शहर त्याच ठिकाणी वसले आहे. तेथील मुख्य अधिकारी कॅप्टन पॅट्रिक लोगन याची क्रूरता कुप्रसिद्ध होती आणि १८३० च्या ऑक्टोबरात तो मारला गेला. गीतामध्ये एक आयरिश कैदी आपली व्यथा सांगतो, ज्या ज्या कैदी ठाण्यांवर तो राबला त्यांची नावे एकामागून एक घेतो, आणि शेवटी त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूने सर्वांना कसा दिलासा मिळाला ते सांगतो. चाल जुनी आयरिश आहे. आता या गीताचा पुढचा प्रवास पाहावा. १८७९ च्या फेब्रुवारीत नेड केली या बंडखोर दरोडेखोराने जेरिल्डरी या गावी एक लांबलचक पत्र मागे ठेवले. त्याने सांगितले आणि त्याच्या साथीदाराने लिहून घेतले, असे ते सुमारे आठ हजार शब्दांचे पत्र आज त्या देशाच्या इतिहासातील महत्त्वाचा दस्तऐवज मानले जाते. त्यात आयरिश कैद्यांच्या छळाविषयी तो जे लिहितो, त्यात त्या गीतातील ठाण्यांची नावे आणि शब्द जवळजवळ तसेच उतरले आहेत. केलीचा बाप आयर्लंडमधून हद्दपार होऊन आलेला कैदी होता आणि केलीचा स्वतःचा जन्म लोगनच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी झालेला. म्हणजे कैद्यांच्या पिढीचे गाणे मुलांच्या पिढीच्या कानात इतके रुजले होते, की सरकारला उद्देशून आपली कैफियत मांडताना त्या मुलाच्या तोंडी त्याचेच शब्द आले. परंपरा मुरायला शतके लागतात असे म्हणणाऱ्याने हे पन्नास वर्षांचे अंतर अवश्य ध्यानात घ्यावे.

रानात दबा धरून लूटमार करणाऱ्या अशा बंडखोरांना तेथे 'बुशरेंजर' म्हणतात, कारण शहराबाहेरच्या साऱ्या अफाट मुलखालाच तेथे 'बुश' हे नाव आहे. जॅक डोनह्यू नावाचा, १८२५ साली डब्लिनहून आलेला कैदी पळून बुशरेंजर झाला आणि १८३० मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्यावरचे गाणे पुढे वसाहतभर पसरले, पण गाता गाता नायकाचे नाव बदलत गेले. कोठे तो डूलन झाला, कोठे डाउलिंग, कोठे डगन. मात्र नावाची आद्याक्षरे बहुतेक तीच राहिली. त्याचे गाव कॅसलमेन असे सांगितले जाते, आणि हे नाव आयर्लंडमध्येही आहे व व्हिक्टोरियातही, त्यामुळे ज्या त्या गाणाऱ्याने त्याला आपलासा करून घेतला. एका खऱ्या माणसाचे दंतकथेत रूपांतर होताना पाहण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. सिडनीजवळच्या बॉटनी बे या उपसागराचे जे सर्वांत परिचित 'कैद्यांचे गाणे' आज शाळाशाळांतून म्हटले जाते, ते त्या रूपात १८८५ साली लंडनच्या रंगभूमीवरील एका विनोदी संगीत नाटकातून आले. त्यामागे जुन्या गाण्याचे अवशेष आहेत, पण आजचे रूप नाटकाचे आहे. लेखकाने हे उदाहरण दिले असते तर त्यांच्या म्हणण्याला काही बळ मिळाले असते.

सोन्याच्या काळाविषयी थोडक्यात लिहितो. १८५१ मध्ये सोने सापडले आणि जगभरची माणसे बॅलराट-बेंडिगोकडे धावली. चार्ल्स थॅचर नावाचा इंग्रज गायक संध्याकाळी खाणकामगारांपुढे उभा राहून, त्या आठवड्यात गावात जे घडले त्यावर, सर्वांना ठाऊक असलेल्या चालींत नवी गाणी म्हणत असे. खोदकामाचा परवाना तपासायला येणारे पोलीस हा त्याचा आवडता विषय होता. त्याच परवान्याच्या जाचातून ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलराटच्या युरेका टेकडीवर खाणकामगारांच्या बंडात रक्त सांडले. थॅचरची गाणी वाङ्मय म्हणून फार वरची नाहीत, पण त्या गावांचा रोजचा बोलण्याचा सूर त्यांत जसा सापडतो तसा सरकारी कागदांत सापडत नाही.

आता मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या कामगारांकडे वळतो, कारण माझ्या मते या परंपरेचा कणा तेथे आहे. लोकर हे वसाहतीचे मुख्य धन होते. कातरणीच्या हंगामात हजारो माणसे पाठीवर वळकटी बांधून एका गोठ्याकडून दुसऱ्या गोठ्याकडे शेकडो मैल पायी जात. गोठ्यात रांगेने उभे राहून कातरणे चाले, जो दिवसाकाठी सर्वांत अधिक मेंढ्या उतरवी त्याला 'रिंगर' म्हणत, आणि मेंढीला जखम झाली की तिच्यावर लावायला डांबराचा डबा घेऊन एक पोरगा धावत येई. हे सारे तपशील ज्या गाण्यात आहेत ते कातरीच्या आवाजाचे गाणे आज त्या देशातील प्रत्येक मुलाला येते. त्याचे शब्द १८९१ च्या अखेरीस बॅकस मार्श या गावच्या लहानशा वृत्तपत्रात छापलेले सापडले आहेत. मेलबर्नहून बॅलराटला जाणारी गाडी याच गावावरून जाते, आणि दर वेळी ते स्थानक आले की मला त्या छोट्या वृत्तपत्राची आठवण होते. चाल कोणती, तर अमेरिकेतील यादवी युद्धाच्या शेवटी, १८६५ साली रचलेल्या एका गीताची. त्या गीतात विजयाची घंटा वाजवणारा म्हातारा पहारेकरी आहे, या गाण्यात म्हातारा कातरणारा आहे. घंटेच्या जागी कातर आली आणि गाणे दुसऱ्याच मातीचे झाले.

येथे लेखकाच्या 'उसन्या चाली'च्या आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. उसनी चाल हा दोष धरायचा तर आपल्याजवळ काय उरेल? आपल्या जुन्या पदसंग्रहांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या गाण्याची पहिली ओळ छापलेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या संगीत शाकुंतलातील पदे त्या वेळच्या परिचित चालींवर बांधलेली होती. त्यामुळे ते नाटक मराठी नाही असे कोणी म्हटले नाही. चाल ही गावच्या वाटेसारखी असते, तिच्यावरून कोणीही चालावे. कोण चालले आणि डोक्यावर कोणते ओझे घेऊन चालले, हे पाहायचे असते. ऑस्ट्रेलियातील गाण्यांत ओझे तेथले आहे, वळकटी आणि चहाचा कडीचा डबा घेऊन कामाच्या शोधात फिरणाऱ्या माणसाचे.

दुसरा आक्षेप वृत्तपत्राचा. १८८० च्या जानेवारीत सिडनीहून 'बुलेटिन' हे साप्ताहिक निघू लागले आणि त्याने वाचकांकडून पद्ये मागवण्यास सुरुवात केली. गुरे हाकणारे, कातरणारे, शाळामास्तर, कारकून असे सारे त्यात लिहू लागले. अंक तंबूंपर्यंत आणि गोठ्यांपर्यंत पोहोचे, तेथे मोठ्याने वाचला जाई, त्यातील पद्ये कात्रणे करून जपली जात आणि पाठ होत. पाठ झाली की कवीचे नाव गळून पडे. म्हणजे छापील अक्षर येथे मौखिक परंपरेच्या आड आले नाही. उलट त्याने तिला घोडा दिला. बॅलराटजवळच्या एका सभागृहात ऐंशीच्या घरातील एका निवृत्त मेंढपाळाला मी दहा-बारा कडव्यांची एक जुनी रचना एका दमात म्हणताना ऐकले आहे. म्हणून झाल्यावर त्यांनी मला सांगितले की हे त्यांनी पुस्तकात कधी वाचलेले नाही, त्यांचे वडील म्हणत असत. ती रचना मुळात छापलेली होती, हे मला नंतर शोधल्यावर कळले.

'बुलेटिन'मुळे पुढे आलेल्या कवींपैकी दोघांची नावे सर्वतोमुखी झाली. अँड्र्यू बार्टन पॅटर्सन हे सिडनीतील वकील, घरच्या एका घोड्याच्या नावावरून 'द बँजो' हे टोपणनाव घेऊन लिहीत. हेन्री लॉसन हे सोन्याच्या खाणीच्या मुलखात, तंबूत जन्मलेले आणि चौदाव्या वर्षापासून जवळजवळ बहिरे झालेले. पॅटर्सन यांच्या रचनांचा संग्रह १८९५ च्या ऑक्टोबरात निघाला आणि त्याची पहिली आवृत्ती एका आठवड्यात संपली. त्या वेळी सर्व वसाहतींची मिळून लोकसंख्या साधारण पस्तीस लाख होती, हे लक्षात घेता ही गोष्ट साधी नाही. त्यातील प्रमुख रचनेत पळालेल्या एका मौल्यवान घोड्यामागे डोंगराच्या उभ्या उतारावरून घोडा घालणाऱ्या पोराची कथा आहे, आणि तिची लय घोड्याच्या टापांची आहे. (न्यू साउथ वेल्समधले घोडे 'वेलर' या नावाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेसाठी जहाजे भरभरून आपल्याकडे येत असत, हे जाता जाता नोंदवतो.)

१८९२ च्या जुलैमध्ये या दोघांत 'बुलेटिन'च्या पानांवर पद्यातून वाद झाला. बुश हे कष्टांचे, धुळीचे, एकाकी मरणाचे ठिकाण आहे, शहरी कवींनी त्याला उगाच सुंदर केले, असे लॉसन यांनी लिहिले, आणि पॅटर्सन यांनी बुशची बाजू घेतली. पुढे उतारवयात पॅटर्सन यांनी सांगितले की हा वाद दोघांनी संगनमताने घातला होता, कारण मोबदला जागेनुसार मिळे आणि दोघांनाही पैशांची गरज होती. पण वाद ठरवून घातला तरी त्यातील भेद खरा होता. त्याच वर्षी संपादक आर्चिबॉल्ड यांनी लॉसन यांना पाच पौंड आणि रेल्वेचे तिकीट देऊन दुष्काळी बर्क गावी पाठवले. तेथून ते भर उन्हाळ्यात दोनशे किलोमीटरहून अधिक चालत हंगरफर्डपर्यंत गेले आणि परत आले. माझे मत विचाराल तर मी लॉसन यांच्या बाजूचा आहे. पॅटर्सन यांच्या रचना कानाला अधिक गोड लागतात हे मान्य करूनही, कामगाराच्या पायाला आलेला फोड लॉसन यांच्याकडे जसा दिसतो तसा दुसरीकडे दिसत नाही.

लॉसन यांच्याविषयी एक प्रसंग मराठी वाचकांना कळावा असे वाटते. १८९१ साली क्वीन्सलँडमध्ये लोकर कातरणाऱ्यांचा मोठा संप झाला. बारकाल्डिन हे त्याचे केंद्र होते. सरकारने सशस्त्र दले पाठवली, संप मोडला आणि पुढाऱ्यांना तीन वर्षांची कैद झाली. संप चालू असतानाच ब्रिस्बेनच्या 'वर्कर' या कामगारांच्या पत्रात लॉसन यांची एक कविता प्रसिद्ध झाली, जिच्यात युरेकाच्या बंडाच्या निशाणाची आठवण होती. जुलैमध्ये क्वीन्सलँडच्या वरिष्ठ सभागृहात संप मोडणाऱ्या दलांच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा ब्रेंटनॉल नावाच्या सदस्याने ही कविता राजद्रोहाचा पुरावा म्हणून सभागृहात वाचून दाखवली. त्यास लॉसन यांनी आणखी एका कवितेने उत्तर दिले. अवघ्या चोवीस वर्षांच्या, बहिऱ्या, घरे रंगवून पोट भरलेल्या तरुणाच्या ओळी सरकारला इतक्या भयंकर वाटल्या, याचा अर्थ त्या कोणाच्या तोंडी होत्या हे सरकारला चांगले ठाऊक होते. १९२२ साली लॉसन वारले, तेव्हा त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने निघाली.

याच संघर्षाच्या सावलीत 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' हे त्या देशाचे सर्वांत प्रसिद्ध गाणे जन्मले. आपल्या लेखकाने त्याला ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रगीत म्हटले आहे, ते बरोबर नाही. १९७७ च्या मतदानात त्याला २८ टक्के मते मिळून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले, आणि पहिल्या आलेल्या गीताला १९८४ साली राष्ट्रगीताचा मान मिळाला. हे गाणे १८९५ मध्ये विंटनजवळच्या डॅगवर्थ या मेंढवाड्यावर झाले. तेथे आलेल्या क्रिस्टिना मॅकफर्सन यांनी आदल्या वर्षी वॉर्नम्बूलच्या घोड्यांच्या शर्यतीत बँडवर ऐकलेली एक स्कॉटिश चाल कानावरून वाजवली आणि पाहुणे आलेल्या पॅटर्सन यांनी तिला शब्द दिले. पाणवठ्यापाशी उतरलेला एक भटका कामगार मेंढी पकडतो, जमीनदार पोलीस घेऊन येतो, आणि हाती लागण्यापेक्षा तो पाण्यात उडी घेऊन मरतो. १८९४ च्या सप्टेंबरात संपकऱ्यांनी याच डॅगवर्थचा गोठा जाळला होता आणि त्यानंतर हॉफमायस्टर नावाचा एक संपकरी जवळच्या पाणवठ्यापाशी मृत आढळला होता. काही अभ्यासक गाण्याचा संबंध त्या घटनेशी जोडतात. १९०३ साली सिडनीच्या एका चहाच्या व्यापाऱ्याने शब्दांत थोडा फेर करवून हे गाणे आपल्या चहाच्या जाहिरातीसाठी छापले, आणि तेच रूप पुढे रूढ झाले. जेम्स इंग्लिस हा तो व्यापारी तरुणपणी बिहारमध्ये निळीच्या मळ्यावर काम करून गेलेला होता. स्कॉटिश चाल, संपातले मरण, वकिलाचे शब्द आणि चहाची जाहिरात एवढ्यांतून आठ-दहा वर्षांत एक लोकगीत उभे राहिले. हे सारे डोळ्यांसमोर असताना लोकगीताला शुद्ध कुळाची अट घालणे मला अन्यायाचे वाटते.

ही गाणी लिहून घेण्याचे काम कसे झाले तेही मनोवेधक आहे. १८९१ साली आपल्याकडे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ते काम गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे लोपण्याआधी कागदावर आणण्याच्या हेतूने झाले होते. (वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय याच गृहस्थांच्या नावाचे.) १९०५ मध्ये पॅटर्सन यांनी त्याच तळमळीने बुशमधील निनावी जुन्या गाण्यांचा संग्रह काढला. १९५० नंतर जॉन मेरेडिथ हे जडसे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गावोगाव फिरले आणि लिथगो येथे त्यांना सॅली स्लोन या बाई भेटल्या. आयर्लंडहून आलेल्या आजीकडून आईकडे आणि आईकडून आपल्याकडे आलेली शेकडाभराहून अधिक गाणी व चाली त्यांना मुखोद्गत होत्या. बुशची गाणी पुरुषांच्या कामांची असली तरी त्यांतली कितीतरी जपली बायकांनी, चुलीपाशी आणि पाळण्यापाशी. हे वाचताना मला माझी आजी आठवली, आणि लेखक या परंपरेला परकी म्हणतात ते का पटत नाही ते स्वतःशीच उलगडले.

मात्र या परंपरेचा कैवार घेताना तिचे दोष झाकणे मला मंजूर नाही, आणि लेखकाने त्यांचा उल्लेखही केला नाही याचे मला दुःख आहे. ज्या 'बुलेटिन'चे मी इतके गुण गायिले, त्याच्या मुखपृष्ठावर अनेक दशके 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी' हे ब्रीद छापले जात होते. ते १९६० च्या सुमारास काढले गेले. सोन्याच्या खाणींवरील गाण्यांत चिनी कामगारांची क्रूर टवाळी आहे. १९०१ च्या कायद्याने परदेशी माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालून बंदरातूनच परत पाठवण्याची सोय केली होती, आणि त्या वातावरणाला या पद्यांचाही हातभार लागला होता. माझी कन्या आज ज्या गावी डॉक्टर म्हणून काम करते, त्या गावी तिच्या पणजोबांच्या पिढीतील कोणा मराठी माणसाला या कायद्यामुळे स्थायिक होऊ दिले गेले नसते. मी ही गाणी प्रेमाने ऐकतो, पण हे विसरून ऐकत नाही.

याहून मोठे मौन मूळ रहिवाशांविषयी आहे. १७८८ मध्ये त्या खंडावर सुमारे अडीचशे भाषा बोलल्या जात होत्या आणि त्यांपैकी प्रत्येकीत भूमीच्या वाटा, पाणवठे आणि डोंगर गीतांत गुंफलेले होते. तरुण समाज नवागतांचा होता, भूमीवरचे काव्य तरुण नव्हते. विंटनजवळ रचलेल्या त्या प्रसिद्ध गाण्यातील पाणवठ्याचा शब्द 'बिलाबाँग' हा विराजुरी भाषेतला आहे आणि झाडाचे नाव 'कूलिबा' हेही मूळ रहिवाशांच्याच भाषेतून आले आहे. त्यांचे शब्द गाण्यात आले, परंतु ती माणसे त्यात कोठेही नाहीत. गुरांच्या मोठमोठ्या ठाण्यांवर तुटपुंज्या मोबदल्यावर किंवा नुसत्या धान्यावर राबलेले मूळ रहिवासी गुराखी तर या काव्यात जवळजवळ दिसतच नाहीत. ही उणीव भरून निघायला वेळ लागला, पण ती बॅलडच्या, म्हणजे कथागीताच्याच वाटेने भरून निघू लागली हे मला महत्त्वाचे वाटते. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी या मूळ रहिवासी जमातीच्या गुराख्यांनी वेव्ह हिल ठाण्यावरचे काम सोडले आणि आपली जमीन मागितली. १९७५ साली पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगिआरींच्या ओंजळीत मूठभर माती ओतून ती जमीन परत दिली. त्या लढ्यावर गायक पॉल केली आणि मूळ रहिवासी वंशाचे केव्ह कारमोडी यांनी मिळून केलेले गीत आज तेथील शाळांत शिकवले जाते. त्याची घडण पाहिली तर ती जुन्या कथागीताचीच आहे. नाव, गाव, काम, अन्याय आणि संप क्रमाने येतात आणि धृपद सर्वांनी मिळून म्हणायचे असते. माझी आठ वर्षांची नात ते म्हणते आणि अर्थही समजावून सांगते.

शेवटी भाषांतराविषयी एक विनंती. आपल्या लेखासोबत पॅटर्सन यांच्या काही कडव्यांचा मुक्तछंदातील मराठी अनुवाद छापला होता. अर्थ बरोबर होता, पण ते पद्य चालत नव्हते, आणि जे चालत नाही ते या परंपरेतले राहत नाही. घोडदौडीच्या रचनांना सहा-सहा मात्रांचे, दादऱ्यासारखे वळण दिले तर त्या मराठीत धावतात, हे मी स्वतः करून पाहिले आहे. कैद्यांच्या आणि कातरणाऱ्यांच्या साध्या गाण्यांना आठ-आठ मात्रांचे पादाकुलक पुरते, कारण ते आपल्या कानात लहानपणापासून बसलेले आहे. आपण या विषयावर पुन्हा काही छापणार असाल, तर अनुवादकांना वृत्तात लिहायला सांगावे आणि आपल्या जुन्या पदसंग्रहांप्रमाणे डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या परिचित मराठी गाण्याची पहिली ओळ द्यावी, म्हणजे वाचकाला ते म्हणून पाहता येईल. तसेच राष्ट्रगीतासंबंधीची वर दाखवलेली चूक पुढील रविवारी दुरुस्त करावी, कारण पुरवणीतील कात्रणे शाळांच्या फलकांवर लागतात.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
सातारा